पुढच्या घोड्याचे खूर दिसतात का?

मांड_पक्की:
कालच्या धाग्यावर रानवाट यांनी लिहिलंय, "घोडा कळपातला प्राणी, त्याला कळपासारखंच चालू द्या. एका घोड्याच्या लांबीएवढं अंतर ठेवा, विचारून पुढे जा, ही सगळी क्लबवाल्यांची थेरं. मावळे काय अंतर मोजत बसले होते?" दोन ओळींत उत्तर देणार होतो, पण राग गिळवेना.

तीन वर्षांपूर्वी भोरच्या बाजूला 40 किलोमीटरच्या राइडला होतो. ओढ्यातून वर चढताना वाट अरुंद, पुढे एक घोडी. तिने कान मागे पाडले, शेपटी आवळली. मला दिसलं होतं, पण मागचा गडी अंगावर चढत आलेला, त्यामुळे लगाम खेचायला जागाच नव्हती. दुगाणी माझ्या घोड्याला लागली नाही, माझ्या नडगीवर बसली. वाळकी फांदी मोडावी तसा आवाज आला. रिकीब वाकली होती. अकरा आठवडे पाय प्लास्टरमध्ये. घोडी लाथ मारते हे पागेच्या मालकाला ठाऊक होतं, तरी शेपटीला इशाऱ्याची लाल फीत नाही.

आपल्या घोड्याच्या दोन कानांमधून पुढच्याचे मागचे खूर दिसले पाहिजेत. दिसत नसतील तर तुम्ही लाथेच्या टप्प्यात आहात. घोड्याला दोन्ही अंगांचं जवळजवळ सगळं दिसतं, नेमकं शेपटीमागचं दिसत नाही, आणि आपण तिथेच नाक खुपसतो. कदमाला, म्हणजे साध्या चालीला, एक घोडा अंतर, दुडकीला, म्हणजे हलक्या धावेला, दोन, त्यापुढे आणखी. यात थेरं कसली?

रानवाट:
पायाचं वाईट वाटलं, मनापासून. पण ती चूक मालकाची. अंतराचं म्हणाल तर माझंही ऐका. सात घोडे, सगळे नियमाने लांब लांब. डांबरी रस्ता ओलांडताना पाच पलीकडे गेले, मधून डंपर घुसला, दोन अलीकडे राहिले. पलीकडून एक घोडा खिंकाळला आणि माझा मारवाडी जातीचा घोडा डंपरच्या मागच्या चाकाशेजारून उधळला. चाकाची हवा माझ्या गुडघ्याला लागली. तेव्हापासून मी सगळ्यांना चिकटून ठेवतो.

नालबंद:
आधी एक. मावळे म्हणजे पायदळ. घोड्यावर बारगीर आणि शिलेदार. उदाहरण द्यायचं तर नीट द्या.

दुसरं, ओढ्यावर आपल्या घोड्याचं पाणी झालं की लोक टाच मारून निघतात. मागचा तोंड पाण्यात घालून उभा असतो, सोबती निघालेले बघतो आणि अर्धपोटी धावत सुटतो. पुढे दमछाक, नाडी उतरत नाही, मग राइडच्या तपासणीत घोड्यांच्या डॉक्टरांनी बाद केलं की रडारड. शेवटच्या घोड्याचं पाणी होईपर्यंत थांबायला काय जातं? आणि पेव्हर ब्लॉकवर दुडकी धरणाऱ्यांनी माझ्याकडे नाल मारायला येऊच नये.

माथेरानकर:
पेव्हरचं नाव काढलंत म्हणून बोलतो. आमच्याकडे साडेचारशेच्या आसपास घोडे आहेत, घरं त्यांच्यावर चालतात. लाल मातीत खूर रुततो. ब्लॉकवर पहिल्या पावसानंतर लोखंडी नाल सरळ घसरते. माझा घोडा उतारावर गुडघ्यांवर आला, पाठीवर नऊ वर्षांची मुलगी होती. तुम्ही अंतर मोजा, पण घसरलेला घोडा अंतर बघून पडत नाही.

दस्तुरी_ते_बाजार:
मीही माथेरानचीच. आईला दम्याचा झटका आला तेव्हा रात्री हातरिक्षेत घालून दस्तुरीपर्यंत, म्हणजे गाड्या थांबतात त्या नाक्यापर्यंत, नेलं. ओढणारा माणूस तिच्यापेक्षा जास्त धापा टाकत होता. 2025च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा म्हटलं, ते योग्यच. पण त्यांच्या जागी येणारी ई-रिक्षा ब्लॉकशिवाय चिखलातून चालणार का? मातीचं कौतुक पर्यटकांना, आमची पोरं पावसात त्याच चिखलातून शाळेत गेली.

माथेरानकर:
ताई, हातरिक्षेला आम्ही कधी चांगलं म्हटलं? दस्तुरी ते शिवाजी महाराजांचा पुतळा एवढा पट्टा ब्लॉकचा ठेवा, पण आतल्या वाटा सोडा. न्यायालयानेही तेच सांगितलंय.

दस्तुरी_ते_बाजार:
आतल्या वाटांवर माणसं आजारी पडत नाहीत का? तुमच्या धंद्यासाठी आम्ही खोळंबायचं, हे किती वर्षं?

माथेरानकर:
धंदा म्हणू नका. पोट आहे.

मांड_पक्की:
दोघांनाही विनंती, यावर वेगळा धागा काढा, मी तिथे येईन. पण माथेरानकर, तुमच्याकडे दहा-दहा पर्यटक नाकाला शेपूट लावून निघतात आणि सोबत चालणारा एकच माणूस. पहिला घसरला की मागचे सगळे त्याच्यावर. तिथे अंतर नको?

माथेरानकर:
हवं. पण गिऱ्हाइकाला लगाम धरता येत नाही, घोडा आपोआप पुढच्याला चिकटतो. दोन माणसं लावायची तर पैसे कोण देणार? तरी पटतंय मला.

मांड_पक्की:
रानवाट, डंपरचं तुमचं बरोबर आहे, हे मान्य करायला जड जातंय. रस्ता ओलांडताना सगळ्यांनी जवळ यायचं आणि एकदम पार व्हायचं, मागे कोणी सोडायचा नाही. पण पलीकडे गेल्यावर पुन्हा अंतर. पुढच्याने वळून बघायचं, मागचा ओढा चढून येईपर्यंत दुडकी धरायची नाही. चिकटून राहणं हा त्यावरचा उपाय नाही.

रानवाट:
ठीक आहे, चढावर आणि ओढ्यात मी अंतर ठेवीन. आणखी एक सांगून टाकतो, माझाही लाथ मारतो. गेल्या महिन्यात एका नव्या मुलाची घोडी थोडक्यात वाचली. रविवारी लाल फीत बांधून आणतो.

मांड_पक्की:
बांधा, आणि ओळीच्या शेवटी राहा.

रानवाट:
शेवटी नाही जमणार. मागे राहिला की लगाम ओढून ओढून तोंड फोडून घेतो. पुढे राहीन, फीत बघून तुम्ही लांब राहा.