फुगलेल्या बॅटरीचा जुना टॅब दुरुस्त करावा, की मराठी पीडीएफ वाचण्यासाठी नवा घ्यावा?

कोयनाकाठ (प्रश्न)

माझे वडील कराडला राहतात, त्यांचे वय ७४ आहे आणि दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया झालेल्या आहेत. २०१९ मध्ये घेतलेला ८ इंची अँड्रॉइड टॅब ते रोज वापरतात. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने संकेतस्थळावर विनामूल्य ठेवलेली पुस्तके उतरवून वाचणे, मराठी विश्वकोशातील नोंदी पाहणे आणि बेंगळुरूला असलेल्या माझ्या बहिणीशी व्हॉट्सॲपवर व्हिडिओ कॉल करणे, एवढाच त्यांचा वापर आहे. टॅबमध्ये २ जीबी रॅम, ३२ जीबी स्टोरेज आणि अँड्रॉइड ९ आहे.

गेल्या काही महिन्यांपासून पीडीएफचे पान उलटताना टॅब हँग होतो, स्टोरेज भरल्याची सूचना सारखी येते आणि चार्जिंग फार सावकाश होते. या वेळी घरी गेलो तेव्हा असेही दिसले, की मागचे झाकण एका बाजूने उचलले गेले आहे, त्यामुळे टॅब टेबलावर ठेवला की डुगडुगतो. गावातील दुकानदाराने बॅटरी बदलून देतो असे सांगितले आहे. बॅटरी बदलून आणखी दोन-तीन वर्षे काढावीत, की वीस हजारांच्या आत नवा टॅब घ्यावा? नवा घ्यायचा झाल्यास वाचनासाठी नेमके काय पाहावे? जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

तांब्याचीतार

नवा घ्यावा की दुरुस्त करावा, हा प्रश्न थोडा बाजूला ठेवा. टॅब डुगडुगतो याचा अर्थ आतली बॅटरी फुगली आहे, म्हणून वडिलांना आजच फोन करून तो चार्जिंगला लावू नका, असे सांगा.

लिथियम बॅटरीत वीज साठवणारे थर एका पाकिटात बंद केलेले असतात. बॅटरी जुनी झाली, सतत उष्णतेत राहिली किंवा कायम शंभर टक्के चार्ज करून ठेवली, तर आतील रासायनिक द्रव विघटित होऊन वायू तयार होतो आणि त्याला बाहेर पडायला वाट नसल्यामुळे पाकीट फुगते. हा वायू परत जिरत नाही. फुगलेली बॅटरी दाबली, वाकवली किंवा तिला टोक लागले तर आतले थर एकमेकांना टेकून ती पेट घेऊ शकते. म्हणून उचललेले झाकण दाबून बसवण्याचा किंवा त्यावर रबर लावून ठेवण्याचा प्रयत्न कोणीही करू नये. आमच्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या बऱ्याच टॅबची झाकणे घरीच दाबून बसवलेली असतात, आणि ते पाहून खरोखर काळजी वाटते.

टॅब गरम लागत नसेल, गोडसर किंवा थिनरसारखा वास येत नसेल आणि त्यात थोडे चार्जिंग शिल्लक असेल, तर वायर न जोडता, वाय-फायवरून आवश्यक फोटो आणि फाइली हलवून घ्याव्यात आणि मग तो बंद करावा. गरम लागत असेल किंवा वास येत असेल, तर फाइलींचा मोह सोडून तो लगेच बाजूला ठेवावा. ठेवताना गादी, पडदे आणि कागदांपासून दूर, हवेशीर जागी फरशीवर ठेवावा.

आता बॅटरी बदलण्याविषयी. इतक्या जुन्या टॅबची कंपनीची अस्सल बॅटरी सहसा मिळत नाही. दुकानदार बसवतो ती बाहेरची असते. भारतात विकल्या जाणाऱ्या बॅटरीवर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह, आयएस १६०४६ हा मानक क्रमांक आणि आर या अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असावा लागतो. हे दुकानदाराला आधी दाखवायला सांगा. परंतु माझे स्पष्ट मत असे आहे, की तुमच्या बाबतीत या खर्चात अर्थ नाही. पान उलटताना टॅब अडकतो, ते २ जीबी रॅम आणि भरलेल्या स्टोरेजमुळे. नव्या बॅटरीने टॅब चालू राहील, पण अडखळणे तसेच राहील.

जुनी बॅटरी किंवा टॅब घंटागाडीत टाकू नका. २०२२ च्या ई-कचरा आणि बॅटरी कचरा नियमांनुसार वापर संपलेला माल गोळा करून त्याची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. त्यामुळे कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला किंवा अधिकृत ई-कचरा संकलन केंद्राला द्यावा, आणि देताना बॅटरी फुगली असल्याचे तोंडी सांगावे.

पानपारखी

तांब्याचीतार यांच्याशी पूर्ण सहमत आहे. मी वाचनाच्या बाजूने लिहितो, कारण टॅब निवडताना दुकानात कॅमेरा आणि रॅमविषयीच बोलले जाते, आणि वाचणाऱ्या माणसाला ज्याची गरज असते त्याचा उल्लेखही होत नाही.

तुमच्या वडिलांच्या वाचनात दोन वेगळे प्रकार आहेत. विश्वकोशाच्या संकेतस्थळावरील नोंद ही अक्षरांच्या स्वरूपात असते. सेटिंगमध्ये अक्षर मोठे केले की ओळी नव्याने जुळतात आणि लहान पडद्यावरही ती सुखाने वाचता येते. पीडीएफ पुस्तकाचे तसे नसते. त्यातले पान छापल्यासारखे पक्के असते, आणि स्कॅन केलेले पुस्तक तर निव्वळ चित्रच असते. तिथे अक्षराचा आकार वाढवण्याची सेटिंग चालत नाही. पान बोटांनी मोठे केले की ओळीचा शेवट पडद्याबाहेर जातो, आणि मग प्रत्येक ओळीला पान डावीकडे-उजवीकडे सरकवावे लागते. वाचनाचा आनंद नष्ट करणारी याहून वाईट गोष्ट नाही. म्हणून पीडीएफ वाचणाऱ्याने टॅबची उभ्या स्थितीतील रुंदी पाहावी; जाहिरातीतला इंचांचा आकडा हा कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचा असतो आणि तो फसवा ठरतो.

आपली बरीचशी मराठी पुस्तके डेमी आकाराची, म्हणजे साडेपाच बाय साडेआठ इंचांची, मिलिमीटरमध्ये सांगायचे तर सुमारे १४० रुंद आणि २१६ उंच असतात. तुमच्या ८ इंची टॅबची उभी रुंदी सुमारे १०८ मिलिमीटर भरेल. म्हणजे पान मूळ आकाराच्या तीन चतुर्थांशाहून थोडेच मोठे दिसते आणि १२ पॉइंटचे अक्षर ९ पॉइंटच्या जवळ येते. ८.७ इंची टॅबमध्ये ही रुंदी ११३ मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे फरक नाममात्र. ११ इंची, १६:१० प्रमाणाच्या टॅबची रुंदी मात्र १४८ मिलिमीटर असते, आणि त्यावर डेमी पान मूळ आकारात पूर्ण मावते. पीडीएफ ॲपमध्ये समास कापण्याची सोय असेल तर अक्षर छापील पुस्तकापेक्षाही मोठे होते.

घरी एक प्रयोग करा. १४८ बाय २३७ आणि ११३ बाय १८९ मिलिमीटरचे दोन पुठ्ठे कापा आणि वडिलांच्या आवडीच्या पुस्तकाच्या उघड्या पानावर ठेवून पाहा. कोणताही विक्रेता सांगू शकणार नाही ते त्यातून कळेल.

दुसरी गोष्ट ठिपक्यांची. स्वस्त १०.१ इंची टॅबमध्ये पुष्कळदा १२८० बाय ८०० ठिपक्यांचा पडदा असतो, म्हणजे एका इंचात जेमतेम १५० ठिपके. इंग्रजी अक्षरे त्यात निभावून जातात, पण देवनागरीत ‘द्ध’, ‘ष्ठ’, ‘क्ष्म’ यांची पोटे बुजतात, आणि रफार व अनुस्वार एकमेकांत मिसळतात. ‘वर्षांत’सारखा शब्द बारीक अक्षरात वाचताना डोळ्यांना नकळत ताण पडतो. १९२० बाय १२०० ठिपक्यांच्या खाली जाऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन.

इ-इंकचे, म्हणजे कागदासारखा दिसणारा पडदा असलेले, वाचनयंत्र डोळ्यांना शांत असते आणि उन्हातही उत्तम दिसते, पण त्यातील परवडणारी यंत्रे सहा-सात इंचांची असतात, म्हणून पीडीएफसाठी ती अडचणीची ठरतात, शिवाय त्यावर व्हिडिओ कॉल होत नाही. वजनाचाही विचार व्हावा. ११ इंची टॅब साधारण ४८० ते ५०० ग्रॅमचा असतो, त्यामुळे तो हातात धरून तासभर वाचणे वयस्कर मनगटांना जड जाते. उभा राहणारा मजबूत स्टँड किंवा घडीचे कव्हर सोबतच घ्या आणि त्याचा खर्च वीस हजारांतच धरा.

कोयनाकाठ

दोघांचेही मनःपूर्वक आभार. टॅब वडिलांनी बंद करून ओसरीत फरशीवर ठेवला आहे. गरम लागत नव्हता आणि वासही नव्हता, त्यामुळे फोटो आधी हलवता आले. पुठ्ठ्याचा प्रयोगही केला, आणि मोठा पुठ्ठा पानावर ठेवताच वडिलांनीच निर्णय दिला. तेव्हा ११ इंची नवा टॅब घेण्याचे ठरले आहे. आता सिमकार्डचा घ्यावा की केवळ वाय-फायचा, ४ जीबी रॅम पुरेल का, आणि व्हॉट्सॲप फोनवर व टॅबवर दोन्हीकडे चालेल का, एवढेच विचारायचे राहिले आहे. एका ओळखीच्या गृहस्थांकडे वापरलेला सिमकार्डचा टॅब निम्म्या किमतीत मिळत आहे; तो विचारात घ्यावा का?

माळावरचा

४ जीबी रॅम या वापराला पुरेल, पण ६ जीबी मिळत असेल तर वरचे पैसे द्यायला हरकत नाही. स्टोरेज मात्र १२८ जीबीच घ्यावे. स्कॅन केलेली पुस्तके जड असतात, आणि व्हॉट्सॲपवर येणारे व्हिडिओ तर कोणाच्या नकळत साठत जातात. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये माध्यमे आपोआप उतरवून घेण्याचा पर्याय पहिल्याच दिवशी बंद करून ठेवा. मेमरी कार्डाची जागा असल्यास पुस्तके त्यावर ठेवता येतात, परंतु ॲपची भर मुख्य स्टोरेजवरच पडते, म्हणून ६४ जीबी आणि कार्ड हा पर्याय दिसतो तितका चांगला नाही. पीडीएफ पान उलटण्याच्या वेगात स्टोरेजच्या प्रकारालाही महत्त्व आहे. टॅबमधल्या स्टोरेजचे ईएमएमसी आणि यूएफएस असे दोन प्रकार असतात; ईएमएमसीपेक्षा यूएफएस पुष्कळ वेगवान असते, आणि कोणते आहे हे खोक्यावर नसले तरी कंपनीच्या संकेतस्थळावर बहुधा सापडते.

यानंतरचा मुद्दा सुरक्षा अपडेटचा. कंपनी किती वर्षे अपडेट देणार, हे खरेदीपूर्वी पाहा, आणि ती वर्षे मॉडेल बाजारात आल्याच्या दिवसापासून मोजा. तीन वर्षांपूर्वीचे मॉडेल सवलतीत मिळते तेव्हा त्याची तीन वर्षे आधीच सरलेली असतात. वडील टॅबवर बँकेचे ॲप वापरत नसले तरी आलेल्या लिंक उघडतातच, त्यामुळे याकडे दुर्लक्ष नको.

घरात कायमचे वाय-फाय असेल तर सिमचा टॅब लागणार नाही. ते नसेल तर सिमचाच घ्या. फोनचा हॉटस्पॉट सुरू करायचा, मग टॅब जोडायचा, मग फोनची बॅटरी सांभाळायची, हे एकट्या राहणाऱ्या वयस्कर माणसाकडून रोज करून घेणे योग्य नाही. व्हॉट्सॲपचे मुख्य खाते फोनवर ठेवून टॅब जोडलेले उपकरण म्हणून वापरता येतो. अशी चार उपकरणे जोडता येतात आणि टॅबवरून व्हिडिओ कॉलही होतो. मात्र फोनवरचे व्हॉट्सॲप १४ दिवसांत एकदाही उघडले नाही, तर जोडलेली उपकरणे आपोआप सुटतात.

वापरलेला टॅब मी तुमच्या जागी घेणार नाही, कारण ज्या दोन गोष्टींनी तुम्हाला त्रास दिला, म्हणजे बॅटरीचे वय आणि संपलेले अपडेट, नेमक्या त्याच त्यात लपलेल्या असतात. तरीही घ्यायचाच असल्यास स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबून किंवा सेटिंगमधून आयएमईआय, म्हणजे त्या उपकरणाचा ओळख क्रमांक, पाहा आणि दूरसंचार विभागाच्या संचार साथी संकेतस्थळावर तपासून घ्या. इंग्रजी अक्षरांत केवायएम लिहून, जागा सोडून तो क्रमांक १४४२२ वर एसएमएस केला तरी माहिती मिळते.

तांब्याचीतार

नव्या टॅबची बॅटरी टिकावी म्हणून थोडे लिहितो. टॅबच्या खोक्यात चार्जर येतोच असे नाही, आणि मग घरातला जुना ५ वॅटचा फोन चार्जर लावला जातो. ७००० एमएएचच्या बॅटरीत सुमारे २७ वॅट-तास वीज मावते, म्हणजे अशा चार्जरवर ती भरायला सहा तासांपेक्षा अधिक वेळ लागतो आणि त्याच वेळी व्हिडिओ पाहिला तर टक्केवारी वाढतच नाही. किमान १५ वॅटचा, मानक ब्यूरोची नोंदणी असलेला चार्जर घ्या. चार्जिंगला लावल्यावरच पडदा आपोआप उड्या मारू लागला, नको ती बटणे दाबली जाऊ लागली, तर पडदा बिघडला असे समजू नका. वायर काढून पाहा. उड्या थांबल्या तर दोष चार्जरचा आहे.

अनेक टॅबमध्ये आता ८० किंवा ८५ टक्क्यांवर चार्जिंग थांबवण्याची सेटिंग असते, ती सुरू करून ठेवा. कराडच्या एप्रिल-मे महिन्यांच्या उकाड्यात टॅब खिडकीतल्या उन्हात किंवा टीव्हीच्या मागे चार्जिंगला लावलेला राहू नये, याची वडिलांना आठवण द्या.

पानपारखी

टॅब हाती आल्यावर प्रथम पडद्याचा निळसरपणा कमी करणारी वाचनाची सेटिंग लावून द्या आणि उजेड खोलीच्या उजेडाइतका ठेवा. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर पांढरा झगझगीत पडदा काहींना सहन होत नाही, त्यांना फिकट पिवळसर पान बरे वाटते. शोधण्यासाठी टंकलेखन करावे लागू नये म्हणून कीबोर्डमध्ये मराठी निवडून बोलून लिहिण्याचा पर्याय दाखवा. गुगलने ती सोय मराठीसाठी २०१७ मध्ये आणली आणि आता ती चांगली चालते. बोटाने पडद्यावर अक्षर काढून लिहिण्याची सोयही जीबोर्डमध्ये, म्हणजे गुगलच्या कीबोर्डमध्ये, आहे, आणि आयुष्यभर हाताने लिहिलेल्या माणसाला ती लवकर जमते.

टॅब सुरू करताना गुगल खाते वडिलांच्याच नावाचे वापरा. पुष्कळ घरांत मुलांचे किंवा नातवाचे खाते घातले जाते, आणि पुढे कधी फॅक्टरी रीसेट, म्हणजे सगळे पुसून टॅब नव्यासारखा, करावा लागला की टॅब आधीच्या खात्याचा पासवर्ड मागून अडून बसतो. तो पासवर्ड कोणालाच आठवत नाही, आणि दुकानदारालाही त्यात काही करता येत नाही. खात्याचे नाव आणि पासवर्ड वडिलांच्या वहीत लिहून ठेवा, आणि खाते परत मिळवण्यासाठी तुमचा व बहिणीचा क्रमांक त्याला जोडून द्या.