अंगावरचं दूध पुरतंय की नाही, कशावरून ठरवायचं?

पहिलटकरीण
मुलगी अकरा दिवसांची, सिझर झालंय. जन्माचं वजन 2.9 किलो, चौथ्या दिवशी घरी सोडताना 2.68, आज 2.84. फक्त अंगावर पाजतेय. संध्याकाळी सहापासून रात्री दहा-अकरापर्यंत सारखी छातीला लागून असते, काढलं की रडते. दोन दिवसांपासून छाती मऊ लागतेय, आधीसारखी भरून येत नाही. पाजून झाल्यावर पंप लावून पाहिला, दोन्हीकडचं मिळून 20 मिली निघालं. डावीकडे बोंडाला चीर पडलीय, तोंडात देताना जीव जातो. घरचे म्हणतात दूध पुरत नाही, रात्री एक बाटली पावडरचं द्या, आणि बाळगुटी सुरू करा. नक्की काय समजायचं?

वजनकाटा
तुमच्याच आकड्यांवरून बघू. 2.9 वरून 2.68, म्हणजे 220 ग्रॅम उतरलं, साधारण साडेसात टक्के. पहिल्या तीन-चार दिवसांत 7 ते 10 टक्क्यांपर्यंत घट होते. सिझरच्या वेळी आईला सलाइन बरंच दिलेलं असतं, त्यातलं पाणी बाळाकडेही जातं आणि मग शूवाटे निघून जातं, म्हणून घट थोडी जास्त दिसू शकते. त्यानंतरच्या सात दिवसांत 160 ग्रॅम वाढ, दिवसाला 23 च्या आसपास. या वयात दिवसाला 20 ते 30 ग्रॅम ही चांगली वाढ. याच चालीने चौदाव्या दिवशी ती जन्माच्या वजनावर येईल, आणि दोन आठवड्यांत तिथे यावं हीच अपेक्षा असते. चौदाव्या दिवशी पुन्हा वजन करा, पण त्याच काट्यावर आणि उघड्या अंगाने. सरकारी वेळापत्रकात आशाताईंची चौदाव्या दिवशी गृहभेट असतेच, काटा त्यांच्याकडे असतो.

वजन रोज करायचं नाही. रोज बघायची ती शी-शू. पाचव्या दिवसानंतर 24 तासांत निदान सहा वेळा फिकट रंगाची शू, आणि तीन-चार वेळा पिवळी, पातळ, दाणेदार शी. काळी शी चौथ्या-पाचव्या दिवशीपर्यंत पिवळी व्हायला हवी.

मऊ छातीचं म्हणाल तर सुरुवातीचा तो ताठरपणा नुसत्या दुधाचा नसतो, त्यात सूजही असते. ती दुसऱ्या आठवड्यात उतरते. आणि पाजल्यानंतर उरलेलं 20 मिली निघालं, हे कमी नाही. बाळ ओढतं तसं पंपाला ओढता येत नाही, त्यामुळे पंपात किती आलं यावर दुधाचा हिशेब मांडू नका.

नीट_लावा
मला काळजी त्या चिरेची वाटते. सुरुवातीचे काही सेकंद ओढ लागली तर ठीक, पण पूर्ण वेळ दुखत असेल तर बाळाच्या तोंडात फक्त बोंड जातंय. पाजून झाल्यावर बोंड बघ. नव्या लिपस्टिकच्या टोकासारखं तिरकं, चपटं झालेलं दिसलं तर शंकाच नको.

टाक्यांवर भार नको म्हणून काखेत धरून पाज. बाजूला उशी, त्यावर बाळ, पाय तुझ्या पाठीकडे, पोट तुझ्या कुशीला चिकटलेलं. हात तिच्या मानेखाली आणि खांद्यांमागे. डोकं मागून दाबलं तर ती मागे ढकलते. नाक बोंडासमोर आणायचं, बोंडाने वरचा ओठ चाळवायचा आणि जांभईएवढं तोंड उघडेपर्यंत थांबायचं. इथेच सगळे घाई करतात. तोंड उघडलं की बाळाला छातीकडे आण, छाती बाळाकडे वाकवू नकोस. हनुवटी आधी टेकली पाहिजे. खालचा ओठ बाहेर वळलेला, आणि बोंडाभोवतीचा काळा भाग वरच्या बाजूला जास्त, खाली कमी दिसायला हवा.

चुकलं तर तसंच ओढून काढू नकोस. तोंडाच्या कोपऱ्यातून करंगळी घालून हवा सोड, मग काढ आणि पुन्हा लाव. पाजणं संपल्यावर दुधाचेच दोन थेंब चिरेवर लावून वाळू दे. साबण नको. चार-पाच दिवस नीट लावूनही चीर भरली नाही तर बाळाची जीभ खाली बांधलेली नाही ना, तेही डॉक्टरांकडून बघून घे.

रात्रपाळी
संध्याकाळचं ते सारखं पिणं या वयात नेहमीचं आहे. दिवसभरात आठ ते बारा वेळा पाजायचं, आणि त्यातल्या चार-पाच वेळा संध्याकाळीच एकामागून एक येतात. त्या वेळी ती नुसती चोखत पडली, गिळत नसेल, तर काळ्या भागापासून लांब, अंगठा वर आणि बोटं खाली ठेवून स्तन हलकेच दाबून धरा. ती गिळायला लागेल. थांबली की सोडा, हात थोडा सरकवून पुन्हा दाबा. घड्याळ लावून दहा मिनिटं इकडे, दहा तिकडे करू नका. एक बाजू तिने आपणहून सोडली की मग दुसरी.

रात्रीची बाटली घरच्यांना सोपी वाटते, पण पावडरचं दूध पिऊन बाळ लांब झोपतं, एक पाजणं बुडतं, आणि जेवढं दूध निघतं तेवढंच तयार होत असल्याने दूध खरंच घटायला लागतं. त्यात रात्री दूध तयार करणारं संप्रेरक जास्त असतं, म्हणजे बुडवायला तीच वेळ सगळ्यात वाईट. डॉक्टरांनी वजन बघून वरचं दूध सांगितलंच, तर वाटी-चमच्याने द्या आणि त्याच वेळी आपलंही काढा. बोंडलं वापरणार असाल तर त्याची चोच आतून साफ होत नाही, उकळल्याशिवाय नको.

बाळगुटी, ग्राइप वॉटर, साधं पाणी, सहा महिने काहीच नाही, उन्हाळ्यातही नाही. मध तर वर्षापर्यंत बोटालाही नको, त्यातल्या जिवाणूंच्या बीजाणूंनी तान्ह्या बाळाला बॉट्युलिझम होऊ शकतो. द्यायचे ते डॉक्टरांनी लिहून दिलेले व्हिटॅमिन डीचे थेंब, दिवसाला 400 युनिट. अळिवाचे, डिंकाचे लाडू तुम्ही खुशाल खा. दूध त्यांच्यामुळे वाढतं म्हणून नाही, तर आईला रोज 500-600 कॅलरी जास्त लागतात आणि बाळंतिणीला निवांत जेवायला वेळ कोण देतो!

पहिलटकरीण
शी पिवळी आहे, दिवसाला पाचेक वेळा. डायपरमुळे शू मोजता येत नाही. आणि उजवीकडे आज सकाळपासून सुपारीएवढी गाठ लागतेय. सासूबाई गरम शेक देऊन जोरात चोळ म्हणतात.

वजनकाटा
दोन दिवस सुती लंगोट बांधा, मोजणं सोपं. नाहीतर कोऱ्या डायपरमध्ये तीन मोठे चमचे पाणी ओतून हातात धरा, एका शूचं वजन साधारण तेवढं.

नीट_लावा
चोळणं नको, अजिबात. पूर्वी तेच सांगत, पण जोरात दाबल्याने आतली सूज वाढते. पाजण्याआधी पान्हा फुटावा म्हणून दोन मिनिटं कोमट ओला पंचा चालेल. पाजल्यानंतर गार पट्टी, दहा मिनिटं. त्या बाजूने नेहमीसारखंच पाज, जास्तीचा पंप लावून पूर्ण रिकामं करायच्या मागे लागू नकोस, त्याने दूध अजून वाढतं. घट्ट ब्रा काढ.

24 तासांत उतरली नाही, वरची कातडी लाल झाली, किंवा तुला 101 ताप आणि थंडी भरली, तर डॉक्टरांकडे. स्तनपानात चालणारी अँटिबायोटिक्स असतात, पाजणं थांबवायचं नाही. अचानक थांबवलं तर गळू व्हायची भीती जास्त.

रात्रपाळी
बाळासाठी कधी धावायचं तेही लिहितो: शू दिवसाला चारपेक्षा कमी किंवा गडद पिवळी, लंगोटावर विटकरी डाग (पहिल्या तीन दिवसांत चालतात, आता नाही), पाजायला उठवूनही न उठणं, तळहात-तळपायांपर्यंत पिवळेपणा, किंवा 100.4 च्या वर ताप. यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट न बघता दवाखाना.