पालकांसाठीच्या माहितीपत्रकात ‘प्रोबायोटिक’ला काय म्हणावे?

विचारणा: अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या पालकांसाठी माहितीपत्रक लिहीत आहे. ‘प्रोबायोटिक’साठी ‘मित्रजिवाणू’ लिहावे की ‘पूरक आहार’?

उत्तर: माझ्या मते दोन्ही टाळावेत. सहा महिन्यांनंतर दुधाबरोबर सुरू होणाऱ्या वरच्या अन्नाला आपण ‘पूरक आहार’ म्हणतो, त्यामुळे तो शब्द इथे सरळ चुकीचाच ठरेल. ‘मित्रजिवाणू’ची अडचण अधिक गंभीर आहे. अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या तज्ज्ञांनी २००१ मध्ये केलेल्या व्याख्येनुसार, पुरेशा प्रमाणात दिल्यास आरोग्याला लाभ देणारे जिवंत सूक्ष्मजीव म्हणजे प्रोबायोटिक. त्यातले ‘जिवंत’ हे विशेषण या बाळांच्या बाबतीत फार महत्त्वाचे आहे, कारण त्यांच्या आतड्याचे अस्तर आणि प्रतिकारशक्ती दोन्ही अपक्व असल्याने दिलेलाच जिवाणू क्वचित रक्तात शिरून जंतुसंसर्ग घडवू शकतो. अशा संसर्गानंतर एक बाळ दगावल्यावर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२३ मध्ये इशारा दिला. संमती मागताना ‘मित्र’ म्हणणे म्हणजे पालकांच्या वतीने आपणच निर्णय घेऊन टाकण्यासारखे आहे.

म्हणून ‘प्रोबायोटिक’ हाच रुळलेला शब्द ठेवावा, परंतु तोही एकटा पुरत नाही. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमधील २०१३ च्या चाचणीत तीन जिवाणूंच्या मिश्रणाने आतड्याच्या भिंतीचा भाग मृत होण्याच्या आजाराचे प्रमाण ४.४ टक्क्यांवरून २.० टक्क्यांवर आले. उलट इंग्लंडमधील २०१६ च्या चाचणीत ‘बिफिडोबॅक्टेरियम ब्रेव्हे बीबीजी-००१’चा लाभ दिसला नाही. कोणता जिवाणू, हे न सांगता ‘प्रोबायोटिक उपयोगी आहे’ असे लिहिले, तर ते विधान अपुरे राहते.

विचारणा: मग ‘बीबीजी-००१’ला प्रजाती म्हणावे का?

उत्तर: नाही. ‘बिफिडोबॅक्टेरियम ब्रेव्हे’ ही प्रजाती आणि ‘बीबीजी-००१’ हा तिचा वाण; बियाण्यांमुळे ‘वाण’ बहुतेकांच्या ओळखीचा आहे. वाक्य असे करता येईल: ‘आपल्या बाळाला दुधातून प्रोबायोटिक, म्हणजे जिवंत जिवाणू, देण्याचा विचार आहे. त्याने आतड्याच्या एका गंभीर आजाराचा धोका कमी होऊ शकतो. मात्र क्वचित याच जिवाणूंमुळे रक्तात जंतुसंसर्ग होऊ शकतो. वापरायचा वाण: ……’ ती रिकामी जागा छापील मजकुरातच ठेवावी आणि डॉक्टरांनी पालकांसमोर भरावी.