मॉरिशसची 'बेस्ट लूजर' पद्धत: ठेवावी की मोडावी?

रानवारा: तिथले अभ्यासक यावर कित्येक वर्षं भांडतायत. 21 मतदारसंघांतून 62 जण निवडून येतात, मग हरलेल्यांतून जास्तीत जास्त 8 जणांना समाजाचा हिशोब बघून संसदेत घेतात, हीच 'बेस्ट लूजर' पद्धत. समाज चार, हिंदू, मुस्लिम, चिनी आणि यात न बसणारे सगळे 'जनरल पॉप्युलेशन'. हिशोब कुठल्या जनगणनेचा? 1972 च्या! नंतर जनगणनेत समाज विचारणंच बंद केलं. माझं मत, मोडा.

खडूस: मोडा म्हणायला काय जातंय. 1967 च्या निवडणुकीत 44 टक्के मतं स्वातंत्र्याच्या विरोधात पडली होती, का, तर बहुसंख्य हिंदूंचं राज्य येईल ही भीती. 1968 च्या जानेवारीत राजधानी पोर्ट लुईत दंगल पेटली, ब्रिटिश सैन्य बोलवावं लागलं, आणि मार्चमध्ये स्वातंत्र्य. त्या लोकांना 'तुम्हालाही जागा मिळेल' ही हमी हवी होती, ती या 8 खुर्च्यांनी दिली.

रानवारा: हमी ठीक, पण उमेदवाराने समाज लिहायचाच ही सक्ती कशाला? 'रेझिस्तान्स एक आल्टरनातिव्ह' या तिथल्या पक्षाच्या लोकांनी लिहिला नाही तर अर्जच बाद. 2012 ला यूएनच्या मानवाधिकार समितीने मॉरिशसला चूक ठरवलं, तरी 2014 मध्ये सूट दिली ती फक्त त्या एका निवडणुकीपुरती 😀 बरं खाती तरी धड आहेत का, मुस्लिम धर्मावरून, चिनी मूळ देशावरून, आणि तिथले मराठी, तमिळ, तेलुगू सगळे हिंदूंच्या खात्यात.

पाणचक्की: दोघंही चुकीच्या जागी खणताय. खरा घोळ मुख्य बेटावर एकेका मतदारसंघातून तीन जण आणि मतदाराला तीन मतं, यात आहे. लाट आली की एकच आघाडी सगळं झाडून नेते. 1982, 1995, 2024, तिन्ही वेळा मुख्य बेटावरच्या 60 पैकी 60! विरोधकांना मतं पडतात, जागा शून्य. निवडणूक सुधारणांसाठी नेमलेल्या सॅक्स कमिशनने 2002 मध्येच 30 जागा मतांच्या प्रमाणात वाढवा म्हटलेलं.

खडूस: म्हणजे अशा वेळी विरोधकांना आत घेणारी हीच पद्धत ना? मग आधी ती प्रमाणाची सोय करा, मग ही काढा.

पाणचक्की: क्रम पटला. पण घटना बदलायला तीन-चतुर्थांश मतं लागतात, निवडणूक पद्धत बदलणारं 2018 चं विधेयक त्यापायीच अडकलं. आता सत्तेतल्यांकडे तेवढे खासदार आहेत, पण ज्या पद्धतीने 60 दिले ती ते स्वतः मोडतील?