दुकानातली पिशवी बंद झाली तेव्हा: तुमचे अनुभव सांगा

ठाणे (धागा सुरू करताना)
२३ मार्च २०१८ ला राज्य सरकारची अधिसूचना निघाली आणि तीन महिन्यांनी, २३ जूनपासून, प्लास्टिकची पिशवी देणं-घेणं दोन्हीला दंड सुरू झाला. पहिल्यांदा पाच हजार, दुसऱ्यांदा दहा, तिसऱ्यांदा पंचवीस हजार आणि कैदही.

२६ जुलै २००५ ला आमच्या तळमजल्यात कमरेइतकं पाणी होतं. ओसरल्यावर सोसायटीतल्या लोकांनी गटाराची जाळी उचलली, तेव्हा हाताला आले ते पिशव्यांचे लगदे, न्हाणीत अडकलेल्या केसांच्या गुंत्यासारखे. म्हणून हा नियम मला मनापासून हवा होता. कोरडं सामान आता कापडी पिशवीत येतं. पण दही, मासे, पाणी मारलेली कोथिंबीर? ओल्या मालापाशी गाडी अजून अडते. तुमच्याकडे काय झालं? काउंटरच्या अलीकडचे आणि पलीकडचे, दोघेही लिहा.

सातारा जिल्हा, किराणा दुकान
पलीकडचा मी. माझे वडील पुडी बांधायचे. कागद तिरका धरायचा, साखर ओतायची, कोपरे आत दुमडायचे आणि वर टांगलेल्या रिळाचा दोरा ओढून दोन्ही बाजूंनी आवळायचा, मग झटक्यात तोडायचा. मी गल्ल्यावर बसलो तोवर कॅरीबॅग आली होती, त्यामुळे ते मला येतच नव्हतं. २०१८ च्या पावसाळ्यात वडिलांनी थरथरत्या हातांनी मला शिकवलं. पहिल्या आठवड्यात एका आजींची शेंगदाण्याची पुडी पायरीवरच सुटली. आता सुटत नाही. गुळाला मात्र रद्दी वापरत नाही, शाई लागते. खाकी कागद घेतो, तो महाग पडतो.

दंडही भरलाय. फळीखाली जुना गठ्ठा राहिला होता, तपासणीत सापडला. पाच हजारांची पावती फाडली. चूक माझीच होती, ते मान्य. पण त्याच आठवड्यात बाजारपेठेत ठोकमध्ये पिशव्या किलोवर विकल्या जात होत्या. पिशवी बनते तिथं टाळं लागलं तर माझ्या फळीखाली ती येईलच कशी?

नाशिक, आईच्या वतीने लिहिते
आईची भाजीची हातगाडी आहे. गिऱ्हाईक मेथी निवडतं, भाव करतं आणि मग म्हणतं, "पिशवी द्या की." आई नाही म्हणाली की निवडलेली जुडी तशीच ठेवून पुढच्या गाडीवर. पुढचा देतो. तिनं पदराला धुवून वाळवलेल्या पिठाच्या पिशव्या बांधून ठेवायला सुरुवात केली, उद्या परत आणा म्हणून. थोड्या परत येतात.

बोरिवली, मूळ मालवण
माशांचं माझं सुटलंय! दुधाची जुनी स्टीलची किटली घेऊन जाते, घट्ट झाकणाची. मांदेली, कोळंबी, सुरमईच्या तुकड्या आरामात मावतात. बांगड्यांच्या शेपट्या बाहेर येतात, ते मावशींकडून कापूनच घेते. पहिल्या दिवशी त्या हसल्या होत्या. आता लांबूनच विचारतात, "डबा आणला काय गो?" आणि किटली बघून एखादी कोळंबी वर टाकतात. लोकलमध्ये वासही येत नाही, पिशवीतून पाणी गळायचं तेही थांबलं.

कोल्हापूर, बचत गट
आम्ही जुन्या साड्यांच्या पिशव्या शिवतो. सुरुवातीला मागणी पुरवता येत नव्हती. मग दुकानांत त्या रंगीत, कापडासारख्या दिसणाऱ्या पिशव्या आल्या आणि आमच्या पडून राहिल्या. लोक म्हणायचे, "तीही कापडीच की." ती कापडी नाही हो. एक काडी ओढा आणि तिचा कोपरा धरून बघा. सुती कापड जळून राख होतं, चिमटीत चुरतं. ही वितळते आणि टोकाला कडक मणी होतो. ते पॉलिप्रॉपिलीन, म्हणजे प्लास्टिकच. केंद्राच्या नियमात २०२१ पासून तिला दर चौरस मीटरला किमान ६० ग्रॅम वजनाची अट आहे, पण गिऱ्हाईक वजन कुठं करतं? आम्ही आता प्रदर्शनात टेबलावर दोन्ही पिशव्या आणि काडेपेटी ठेवतो. जळताना बघितलेला माणूस सहसा सुती घेऊन जातो.

लेस्टर, इंग्लंड
इथे ऑक्टोबर २०१५ पासून मोठ्या दुकानांत पिशवीला ५ पेन्स, मे २०२१ पासून सगळ्याच दुकानांत १० पेन्स. बंदी नाही, फक्त पैसे. तरी पहिल्या महिन्यापासून लोक हातात चार-चार वस्तू कवटाळून गाडीकडे जाताना दिसू लागले. ठाणेकर ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथल्या कायद्यात आहे: कच्चे मासे, कच्चं मटण, सुटं न बांधलेलं खाणं, यांच्या पिशवीला पैसे लागत नाहीत. ओल्या मालाला त्यांनी उघड सवलत दिली. मला ते प्रामाणिक वाटतं. माझ्या घरी आज 'आयुष्यभर वापरा' म्हणून घेतलेल्या जाड पिशव्यांचा एक कप्पा भरलाय, त्याचं मात्र वाईट वाटतं. त्या एका आयुष्याला दोन पुरल्या असत्या.

सातारा जिल्हा, किराणा दुकान
लेस्टरकर, आमच्याकडे उलटा घोळ. केंद्र म्हणतं १२० मायक्रॉन जाडीची चालेल, राज्याची २०१८ ची अधिसूचना म्हणते कितीही जाड असो, पिशवी बंद. माल पोचवणारा पोरगा मला केंद्राचा नियम सांगतो, तपासणीचा माणूस राज्याचा.

पुणे, डेअरी
दह्याचं सांगतो. गिऱ्हाइकानं डबा आणला की मी आधी रिकामा डबा काट्यावर ठेवून वजन शून्य करतो, मग दही घालतो. सकाळच्या गर्दीत याला वेळ लागायचा, मागचे लोक चिडायचे. एका काकूंनीच तोड काढली. त्यांनी डब्याच्या झाकणावर नेलपॉलिशनं लिहून आणलं: १८५ ग्रॅम. मी एकदा तपासलं, बरोबर निघालं. मग मीच काउंटरवर लाल रंगाची बाटली आणि काडी ठेवली. आता सकाळी सातला माझ्यासमोर जे डबे येतात, त्यांतल्या बऱ्याच झाकणांवर लाल आकडा असतो.