मदत हवी आहे: वानरांच्या नोंदींतून ग्रूमिंगचा दर निघेना

रानपिंगळा_२२
एमएस्सीचा प्रबंध आहे. वानरांच्या कळपाच्या नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या नोंदी एक्सेलमध्ये आहेत, ४,१०० ओळी. कोणती मादी तासाला किती वेळा ग्रूमिंग (दुसऱ्याचे केस चाळून साफ करणं) करते ते काढायचंय. गाईड म्हणतात, निघणारच नाही. का, ते सांगत नाहीत. २० दिवस उरलेत. कोणतं सूत्र लावू? प्लीज लवकर.

पाणवठा
नोंदी घेतल्या कशा? स्कॅन (ठराविक मिनिटांनी, त्या क्षणी कोण काय करतंय ते टिपणं) की फोकल (एकाच जनावरावर सलग नजर ठेवणं)? किती मिनिटांनी? कळप केवढा, माद्या एकेक ओळखू येतात का? हे न विचारता कुणी सूत्र सांगितलं तर ऐकू नका.

आकडेमोड
काय-स्क्वेअर चाचणी लावा, एक्सेलमध्येच होतं. उगाच घोळ कशाला.

पाणवठा
अहो, त्याच त्या माद्या ४,१०० ओळींत पुन्हा पुन्हा येतायत. काय-स्क्वेअर प्रत्येक नोंद स्वतंत्र धरतं, त्यामुळे नसलेला फरकही ठळक दिसतो. आर या सांख्यिकीच्या सॉफ्टवेअरमध्ये मिश्र मॉडेल घ्या, मादीची ओळख रँडम इफेक्ट म्हणून टाका, म्हणजे एकाच मादीच्या नोंदी स्वतंत्र धरल्या जात नाहीत. पण आधी त्यांचं उत्तर येऊ दे.

नेट_सेट_मित्र
प्रबंधात अडकू नका, सीएसआयआर नेट परीक्षेकडे लक्ष द्या. लाइफ सायन्सेसमध्ये युनिट १० इकॉलॉजी आणि ११ उत्क्रांती-वर्तन. पीएचडीला जेआरएफ (संशोधनाची फेलोशिप) उपयोगी पडते.

रानपिंगळा_२२
नेटचं नंतर बघू हो! स्कॅन, दर १० मिनिटांनी. २३ जनावरं, ११ प्रौढ माद्या, सगळ्या ओळखते (फाटका कान, शेपटीचा बाक, ओठावरचा व्रण).

पाणवठा
मग गाईड बरोबर आहेत. ९:०० ला ग्रूमिंग, ९:१० ला ग्रूमिंग. ही एकच बैठक की मध्ये उठून पुन्हा बसली? स्कॅनला ते कळत नाही. म्हणून 'किती वेळा' निघत नाही, 'किती टक्के वेळ' निघतो. झटापटीचं तर विसराच: २ सेकंदांची थप्पड १० मिनिटांच्या स्कॅनमध्ये सापडायची शक्यता ३०० त १. वर्तन-अभ्यासक जीन आल्टमन यांचा १९७४ चा नमुना-पद्धतींवरचा लेख वाचा, हा सगळा घोळ त्यात आहे.

टक्के काढताना २३ ने भागू नका, त्या स्कॅनला जितकी दिसली तितक्यांनी भागा. तरी एक खोट राहतेच. पानांत शिरून खाणारी दिसत नाहीत, कौलांवर बसलेली दिसतात, म्हणून ग्रूमिंग फुगतं.

कोडिंगवाली
व्हिडिओ घ्या आणि बोरिस या सॉफ्टवेअरमध्ये कोड करा (कोणतं वर्तन कधी झालं ते नोंदवा). फुकट आहे, आणि १० टक्के फुटेज दुसऱ्याकडून कोड करून कॅपाही (दोघांचं कोडिंग किती जुळतं त्याचा आकडा) काढता येतो.

पाणवठा
२० दिवसांत? तासाभराच्या फुटेजला कोडिंगचे तीन-चार तास. त्यात खालून आभाळाकडे धरलेल्या मोबाइलमध्ये काळी सावली दिसते, कान कुठला ओळखणार?

कोडिंगवाली
ट्रायपॉड नावाची वस्तू असते.

आंबेवाला_देवगड
विषय निघालाच आहे तर विचारतो, वानरं हापूसची फळं एक चावा घेऊन टाकतात. फटाक्यांना आता भीक घालत नाहीत. उपाय?

पाणवठा
आवाजामागून काहीच होत नाही हे चार दिवसांत त्यांना कळतं. राखणदार आणि कुत्रा, तोही रोज. वेगळा धागा काढा.

रानपिंगळा, यातून वाट आहे. उरलेल्या दिवसांत फक्त ११ माद्यांचे फोकल घ्या. चिठ्ठ्या टाकून क्रम ठरवा, प्रत्येकीला १० मिनिटं. समोर दिसेल तिच्यापासून सुरुवात केली की भांडखोर माद्याच जास्त येतात. नजरेआड गेली की घड्याळातली वेळ लिहा आणि तेवढी वजा करा. एक फेरी ११० मिनिटांची, शोधाशोध धरून अडीच तास. दिवसाला दोन फेऱ्या, १५ दिवस, म्हणजे प्रत्येकीचे ५ तास. दर त्यातून काढा, वेळेचे टक्के जुन्या स्कॅनमधून. कळप देवळाजवळचा असेल तर शनिवारचा रकाना वेगळा ठेवा, चणे-केळी आली की भांडणं वाढतात.

रानपिंगळा_२२
देवळाजवळचाच आहे! उद्यापासून लागते. स्कॅन मात्र चारही महिन्यांचे एकत्र करते, जानेवारीत हुप्प्या (कळपाचा मुख्य नर) बदलला तेवढंच.

पाणवठा
तेवढंच?? हे पहिल्या पोस्टमध्ये हवं होतं. नवा हुप्प्या आला की पिल्लांवर हल्ले होऊ शकतात. जपानी संशोधक सुगियामांनी धारवाडच्या वानरांत १९६० च्या दशकात हेच नोंदवलं. आया पिल्लं घेऊन दूर राहतात, कोण कुणाजवळ बसतं ते बदलतं. बदलाच्या आधीचे आणि नंतरचे स्कॅन वेगळे करा. तारीख वहीत आहे का? आणि तेव्हा अंगावर पिणारी पिल्लं किती होती?

रानपिंगळा_२२
तारीख आहे. पिल्लं ४ होती. आता ३ दिसतात.