मदत हवी आहे : मागच्या पडद्यावर सीन पाडायचाय, जागा कमी

नमस्कार मंडळी, परभणीहून लिहितोय. तालमीत प्रोजेक्टरनं मागच्या पडद्यावर वाडा दाखवायलोत, पण नट पुढं आला की वाड्याची खिडकी त्याच्या सदऱ्यावरच, लई हसू होतंय. मागून टाकावं तर स्टेजमागं सात-आठ फूटच जागा. मग जुनं शोधत बसलो, पिस्काटर या जर्मन दिग्दर्शकानं १९२०च्या दशकात बर्लिनला नाटकात फिल्म घातलेली, स्वोबोदा या चेक नेपथ्यकाराचं लातेर्ना मागिका (पडद्यावरची फिल्म अन् जिवंत नट एकत्र) १९५८ला ब्रुसेल्सच्या एक्स्पोत, म्हणजे जागतिक प्रदर्शनात, अन् आपल्या कल्याणच्या पटवर्धनांची शांबरिक खरोलिका (रंगवलेल्या काचांची चित्रं पडद्यावर पाडायचा खेळ) तर त्याच्याही आधीची! मला पटला तो लिनेबाखचा कंदील, भिंगच नाही, रंगवलेल्या काचेमागं नुसता झगझगीत दिवा, थोड्या अंतरात मोठं चित्र, कडा जरा पुसट. असा कुणी एलईडीवर घरी बनवलाय का? काचेवर कुठला रंग टिकतो, उष्णतेनं पोपडे धरतात का?